आमच्या छोट्या संस्थेने नव्या ॲपवर जावं का?

तुमची संस्था जत तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते आणि सगळा संपर्क आता व्हॉट्सॲपवरून अरट्टाई या देशी मेसेजिंग ॲपवर न्यावा असा एका विश्वस्तांचा आग्रह आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत, एवढ्यात नेऊ नका.

मी कराडच्या बाजूला उसाच्या फडांवर हेच काम करते. 'उद्या डॉक्टर येणार' असं टाइप करून पाठवलं तर ते तसंच पडून राहतं. तेच आमच्या ताईंनी आपल्या आवाजात मुकादमाला पाठवलं की तो फोन मोठ्यानं लावतो आणि आजूबाजूच्या कोप्यांतल्या, म्हणजे झोपड्यांतल्या, बाया भाकरी थापता थापता ऐकतात. लगेच कुणीतरी उलट विचारतंसुद्धा, बारक्याला खोकला आहे, त्याला आणू का? अख्ख्या टोळीत धड चालणारे फोन मोजके. त्यांवर नवं ॲप टाकून घ्यायचं, शिकवायचं, आणि तोवर निरोप कुठे द्यायचा?

ॲप देशी आहे म्हणून विश्वस्तांना ओढ वाटते, ते मी समजू शकते. झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टाई २०२१ सालचं, पण त्यावर लोकांची झुंबड उडाली २०२५च्या सप्टेंबरअखेरीस. अशीच झुंबड 'कू' या ट्विटरसारख्या देशी ॲपवर उडाली होती. २०२० मध्ये आलं, मराठीत लिहिता यायचं, मंत्र्यांनी खाती उघडली आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. फेसबुकसारख्या गुगल प्लसमागे तर खुद्द गुगल होतं, तेही २०१९ मध्ये गुंडाळलं. तिथे जोडलेल्या माणसांचे फोन नंबर संस्थांनी वेगळे घेतले नसतील, तर ती माणसं गेलीच.

म्हणून आधी स्वतःची यादी करा. ८०जीच्या, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणाऱ्या, पावतीसाठी देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन तुम्ही घेताच. तेव्हाच मोबाइल आणि ईमेलही घ्या. पालकांचा गावाकडचा नंबर तर हवाच, कारण पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी गावी गेली की मुलाच्या शाळेचं पुढे काय झालं हे दुसरं कोण सांगणार? ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं, तेव्हाही ज्यांचे नंबर हाताशी होते त्यांचीच विचारपूस आधी झाली.

तुमचे देणगीदार किंवा कार्यकर्ते आपणहून नव्या ॲपवर गेले असतील तर त्यांच्यापुरता तिथे एक गट करा. तो सांभाळायला आठवड्याचे दोन तास कोण देणार, ते मात्र बैठकीतच नावानिशी ठरवा. छोट्या संस्थेत ते काम शेवटी मुलांना शिकवणाऱ्या ताईच्याच गळ्यात पडतं.

आणि ॲप कुठलंही असो, मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. त्यांना फोटो दाखवा, कुठे जाणार ते सांगा, मगच पाठवा.