कार्बनचा तंतू गंजतो की जळतो?

प्रश्न असा आला आहे : एका तांत्रिक लेखाच्या भाषांतरात 'जास्त तापमानाला सिरॅमिकमधले कार्बन तंतू गंजतात आणि वस्तू ठिसूळ होते' असं वाक्य होतं. (सिरॅमिक म्हणजे ताप सोसणारा कठीण पदार्थ; इथे त्यात कार्बनचे बारीक तंतू घातलेले असतात.) तपासणाऱ्याने 'गंजतात' खोडून 'ऑक्सिडीकरण होते' केलं. गंजणं का चालू नये, आणि रोजच्या बोलण्यातलं क्रियापद हवंच असेल तर कोणतं घ्यावं?

तपासणाऱ्याने खोडलं ते योग्यच. पण बदली दिलेला शब्द, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होणं, इतका ऐसपैस आहे की त्यात गंजणारं लोखंडही मावतं आणि शेगडीतला कोळसाही.

आपल्याकडे गंज चढतो, धरतो, खरवडावा लागतो. म्हणजे वस्तूवर काहीतरी बसतं. हे तराजूवर तपासता येतं. 56 ग्रॅम लोखंडाचं पूर्ण ऑक्साइड झालं तर ते कोरडंच 80 ग्रॅम भरतं. 12 ग्रॅम कार्बनचं तसंच होऊ द्या, पारड्यात काहीच राहत नाही. सगळा कार्बन मोनॉक्साइड किंवा डायऑक्साइड होऊन हवेत गेलेला असतो. खरवडायला काही नाही आणि आतल्या भागाला पांघरूण म्हणूनही काही नाही. ज्याचा मागे कणही उरत नाही त्याला गंज म्हणणं मला तरी जड जातं.

मग 'जळणे'? रसायनाच्या दृष्टीने तेच, फक्त जळणं म्हटलं की डोळ्यांपुढे जाळ येतो. इथे जाळ नसतो. रात्री राखेखाली दाबून ठेवलेला निखारा आठवा. धूर नाही, ज्वाळा नाही, आणि सकाळी उकरावं तर निम्माच उरलेला. तंतूचं असंच होतं. फरक इतकाच की लाकडी कोळशातल्या क्षारांची राख तरी मागे राहते, कार्बन तंतूची जवळजवळ तीही नाही.

आता खरी गंमत. ही सिरॅमिक बहुतेकदा सिलिकॉन कार्बाइडची असते, आणि ऑक्सिडीकरण तिचंही होतं. पण 40 ग्रॅम सिलिकॉन कार्बाइडचं 60 ग्रॅम सिलिका होतं, आणि ती काचेसारखी पृष्ठभागाला धरून राहते. एकाच वस्तूत एका घटकावर साय धरते आणि दुसरा हवेत उडून जातो. दोन्हींना एकच शब्द लावला की वाचकाला नेमकं हेच कळत नाही.

सायीखाली तंतू सुरक्षित राहायला हवेत, पण राहत नाहीत. वस्तू साधारण हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर घडते. थंड होताना सिरॅमिक आकसते, तंतू लांबीत जवळजवळ आकसत नाही. या ओढाताणीत सिरॅमिकला बारीक तडे जातात, आणि पुढे हवा तिथूनच आत शिरते. पाचशे अंशांच्या आसपास तंतू जळू लागलेले असतात, तडे मात्र अजून उघडेच. आणखी तापलं तर सिरॅमिक फुलून तडे मिटू लागतात, काचही धरू लागते. म्हणून अशा वस्तूला पुष्कळदा मधलं तापमानच जास्त बाधतं. तुमच्या वाक्यातलं 'जास्त तापमान' त्यामुळे थोडं फसवं आहे. शक्य असेल तर आकडा द्या.

सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहिला तर माझ्या मते योग्य क्रियापद समोरच दिसतं. तंतू जेमतेम सात मायक्रॉन जाड, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. तो होता तिथे गोल भोक, मधाच्या पोळ्यातल्या रिकाम्या घरासारखं. अर्धवट वाचलेल्या तंतूंची टोकं पेन्सिलीसारखी निमुळती. बाहेरून मात्र आकार जसाच्या तसा. वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीला वरचा रंग शाबूत असतो आणि बोट दाबलं की आत जातं, तसं. याला मराठीत 'पोखरणे' म्हणतात.

मोटारींच्या सिरॅमिक ब्रेकमध्ये हेच साहित्य असतं. पोर्शने 2001 साली 911 जीटी2 मध्ये असे ब्रेक दिले. अशा ब्रेकच्या अनेक चकत्यांवर किमान वजन कोरलेलं असतं. आतून पोखरलेली चकती जाडीत कशी सापडणार? काट्यावर ठेवावी लागते.

'ठिसूळ होते' हेही जरा सांभाळून. सिलिकॉन कार्बाइड जन्मजात ठिसूळच. तंतू तिला चिवटपणा देतात. तेव्हा ठिसूळपणा नव्याने येत नाही, चिवटपणा जातो.

'ऑक्सिडीकरण' की 'ऑक्सिडीभवन' असाही वाद कानावर येतो. करण म्हणजे करणं, भवन म्हणजे होणं. आपोआप घडतं त्याला दुसरा शब्द व्याकरणाने जास्त शोभतो. पण शाळेच्या पुस्तकांनी पहिला रुजवलाय, तोच ठेवा.

मी वाक्य असं लिहीन : 'हवेत पाचशे अंशांच्या आसपास तापल्यावर तड्यांतून आत शिरलेल्या ऑक्सिजनमुळे कार्बन तंतू जळून जातात, वस्तू आतून पोखरली जाते आणि तिचा चिवटपणा जातो.' 'ऑक्सिडीकरण' शीर्षकात एकदा आलं की पुरे.