नाट्यशाखेत प्रवेश घेणाऱ्यास

पुण्याच्या ललित कला केंद्रात नाट्यशाखेसाठी अर्ज करण्याचे तुम्ही ठरवले आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. १९८७ साली सुरू झालेल्या या विद्यापीठीय केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य एकत्र नांदतात, आणि माझ्या मते हेच तिथले खरे धन आहे. संगीताच्या विद्यार्थ्यांचा रियाज अवश्य कान देऊन ऐका. षड्जावर, म्हणजे ‘सा’ या स्वरावर, स्थिर राहण्यासाठी गायक श्वास जसा सांभाळतो, तसाच तो लांब स्वगत म्हणणाऱ्या नटालाही सांभाळावा लागतो. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे श्वास आधीच संपला तर नेमका अर्थच प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. माझ्या पहिल्या प्रयोगात हेच घडले, आणि ते सुधारायला मला पूर्ण वर्ष लागले.

भूमिका मिळाली नाही, तर प्रकाशयोजनेचे किंवा नेपथ्याचे काम मागून घ्या.

लेखी अभ्यासाचा कंटाळा मात्र करू नका. भरताच्या नाट्यशास्त्रातील आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनोभावांचा) हे अभिनयाचे चार प्रकार केवळ परीक्षेपुरते पाठ करण्याऐवजी, तालमीहून परतल्यावर त्या दिवशी आपण यांपैकी कशाकडे दुर्लक्ष केले, हे रोज वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत बहुतेक वेळा ‘आहार्य’ हाच शब्द असे, कारण वेशभूषा अंगावर चढेपर्यंत मी तिचा विचारच करीत नसे.