वाचकांचे प्रश्न : वर्षाच्या बेरजेत मे महिना हरवतो

प्रश्न : नदीखोऱ्याचा जलआराखडा हरकतींसाठी खुला झाला, तर त्यातला पर्यावरणाचा भाग तपासायचा कसा? आकड्यांच्या जंगलात आमच्यासारख्यांना काही उमगत नाही. (एक वाचक, कामठी)

उत्तर : आधी येव्याचा, म्हणजे नदीत वाहून येणाऱ्या पाण्याचा, तक्ता काढा. ‘७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा’ म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी मिळेल इतकं पाणी. आकडा बरोबर असतो, पण तो वर्षाचा असतो, आणि आपल्याकडे त्यातलं बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहून जातं. माशांचं जगणं-मरणं ठरतं मे महिन्यात. म्हणून रोजच्या विसर्गाच्या, म्हणजे नदीतून दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या, किमान वीस वर्षांच्या नोंदी मागा. त्यांतून तीन गोष्टी काढा : दर महिन्याची सरासरी, वर्षातल्या सगळ्यांत कोरड्या सलग सात दिवसांची सरासरी, आणि पुराचे दिवस.

तुलना कशाशी, हे पुढचं. इथेच सर्वाधिक फसगत होते. पेंच नदीवर तोतलाडोहचं धरण आहे, त्याच्या वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण आहे. धरणं झाल्यानंतरच्या नोंदींनाच ‘मूळ प्रवाह’ धरलं, तर नव्या योजनेचा परिणाम कागदावर किरकोळ दिसतो, कारण नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. उपसा, कालव्यात सोडलेलं आणि धरणात अडवलेलं पाणी हिशेबात पुन्हा जमा करून नैसर्गिक प्रवाह काढला आहे का, ते विचारा.

नदीसाठी वर्षभर सरसकट सरासरीच्या १० टक्के पाणी ठेवलेलं दिसलं, तर हरकत घ्याच. हा ठोकताळा नदीत किती पाणी ठेवावं हे ठरवणाऱ्या, टेनंट या अभ्यासकाच्या १९७६ च्या पद्धतीतला. ती अमेरिकेतल्या नद्यांवर बेतलेली आहे, आणि तिथेही १० टक्के म्हणजे जेमतेम तग धरण्यापुरतं. आपल्या नदीला पावसाळ्यात पूर हवा. तो गाळ धुऊन नेतो. रोहू-कटला अंडी घालतात तेही पुराच्या पाण्यात. पहिले पूर सगळे धरणात अडकले, तर उन्हाळ्यात सोडलेल्या पाण्याने ती भरपाई होत नाही.

प्रश्न : नागपूरच्या भांडेवाडी केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. यात नदीचा फायदाच ना?

उत्तर : फायदा आहे, पण हिशेब पूर्ण मांडा. रोज १३० दशलक्ष लिटर म्हणजे सेकंदाला साधारण दीड घनमीटर. वीजकेंद्राला हे पाणी मिळाल्याने पेंचचं तेवढं पाणी वाचतं. मात्र वाचलेलं पाणी शहराकडे किंवा उद्योगांकडे वळलं, तर नदीच्या वाट्याला काहीच येत नाही. आराखड्यात ते कोणाच्या नावे टाकलंय, ते बघा. दुसरीकडे, नागनदीत शुद्ध न झालेलं सांडपाणी येतच राहिलं आणि शुद्ध केलेलं मात्र बाहेर गेलं, तर घाण तेवढीच राहून पातळ करणारं पाणी घटतं. म्हणून घाणीच्या प्रति लिटर मिलिग्रॅमसोबत रोजचा एकूण भारही मागा : रोजच्या १०० दशलक्ष लिटर पाण्यात बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला १० मिलिग्रॅम असेल, तर रोज एक टन. हा भार कन्हानमार्गे वैनगंगेला, म्हणजे गोसेखुर्दच्या जलाशयाला जाऊन मिळतो.

प्रश्न : कॉलेजच्या मुलांना घेऊन नदीचं पाणी तपासायचंय. किती वाजता जावं?

उत्तर : सूर्योदयाआधी. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे सडकी नदीही उत्तीर्ण होते. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. आंघोळीयोग्य पाण्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम लागतो. बाटली पाण्याखाली भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड ही ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं काठावरच टाका. प्रयोगशाळेत नेईपर्यंत थांबलात, तर आकडा बदललेला असतो.

सोबत बारीक जाळी न्या. दगड-गोट्यांच्या उथळ धारेत तीन मिनिटं पायाने तळ ढवळा, जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्लं मिळाली तर पाणी बरं. नुसत्या लाल अळ्या मिळाल्या तर ऑक्सिजन कमी. योजनेच्या वर एक आणि खाली दोन जागा, तळ सारखाच असलेल्या, निवडा. वाळू उपसलेली जागा टाळा, नाहीतर दोष वाळूचा आणि खापर धरणावर!