उकिडवं बसून बघितल्याशिवाय गमबूट घेऊ नका

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून खानापूर तालुक्यात राहायला आलात, घरी दोन म्हशी, परसात भाजी, थोडं भात. पावसाळ्यात बाहेरची कामं करताना पाय कोरडे राहतील असे बायकांसाठी सोयीचे बूट कोणते, दुकानात सगळे पुरुषांच्याच मापाचे का दाखवतात, आणि रंगीत घ्यावेत की काळे, असं विचारलंय तुम्ही.

माझं माहेर बेळगावात शहापूरला, सासर जांबोटीच्या वरच्या अंगाला. सतरा पावसाळे झाले इथं. त्यातले पहिले सहा मी स्लिपरवर काढले आणि दरवर्षी आषाढात बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या. रात्री मेंदी थापून झोपायचं, सकाळी परत त्याच शेणात पाय. म्हणून आधीच सांगते, बूट घ्याच. फक्त माझ्यासारखे चुकीचे घेऊ नका.

माझे पहिले बूट ऑनलाइन मागवलेले. फोटोत भारी दिसत होते. आले तेव्हा कळलं, पुढं बोटांवर लोखंडी टोपी, उंची गुडघ्यापर्यंत, नंबर सहा. माझा पाय चारचा. 'पावसात मोठंच बरं, मोजे घालता येतील' असं म्हणून ठेवून घेतले. तिसऱ्याच दिवशी हातात आंबोणाची बादली घेऊन उकिरड्याच्या कडेनं निघाले होते. डावा बूट चिखलात बसला. मी पाऊल उचललं तर पाय वर आला आणि बूट तिथंच. एका पायावर किती वेळ उभी राहणार? बादली सोडली आणि बसले, जिथं बसायला नको तिथंच. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून बघत होत्या. 'बूट तेवढा काढून घे, मागनं म्हशीचा पाय पडंल त्याच्यावर,' एवढंच म्हणाल्या.

पण त्या बुटांचा खरा दोष ढिलेपणा नव्हताच, तो संध्याकाळी धार काढायला बसल्यावर कळला. गुडघ्यापर्यंतचा बूट घालून उकिडवं बसलं की त्याची मागची कड गुडघ्याच्या खोबणीत रुतते. दहा मिनिटांत पायाला मुंग्या. उठल्यावर लाल वळ. आता तुम्हीच बघा, आपली कुठली कामं उभ्यानं होतात? धार, भांडी, भांगलण, शेण गोळा करणं, पालेभाजी खुडणं, सगळं उकिडवं. पुरुषमाणूस बूट घालतो तो नांगरामागं नाहीतर पॉवर टिलरमागं चालायला. त्याला उंच बूट चालतो. दुकानदार तेच माप ठेवतो, कारण तेच खपतं.

गंमत म्हणजे या बुटाची जातच मुळात घोडेस्वाराची. इंग्रजीत याला वेलिंग्टन म्हणतात. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो वेलिंग्टनचा ड्यूक व्हायच्या आधी नुसता कर्नल आर्थर वेलस्ली होता, आणि १८०० च्या ऐन पावसात, जुलैअखेरीला, धोंडिया वाघ या बंडखोराच्या मागावर आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीकडं मुनवळ्ळीजवळ मलप्रभेच्या काठावर येऊन थडकला होता. म्हणजे कणकुंबीला उगवणाऱ्या आपल्या नदीचा चिखल त्याच्याही पायाला लागलाय. पुढं त्यानं बनवून घेतलेले ते बूट कातड्याचे. रबराचे नंतर, १८५३ पासून फ्रान्समध्ये हायरम हचिन्सननं काढले. पण बेत तोच, पाय खाली सोडून रिकिबीत ठेवायचा. त्याला कुठं म्हशीखाली बसायचं होतं!

तर दुकानात गेलात की पहिलं काम हे. बूट चढवा, साडी किंवा ड्रेस आवरून तिथंच पूर्ण खाली उकिडवं बसा, दोन मिनिटं बसून राहा, मग हाताचा टेका न घेता उठा. लाजू नका. मी गणपत गल्लीत एका दुकानात बसले तेव्हा मालक म्हणाला, 'अक्का, काय पडलं काय?' पडलं नाही, म्हटलं, म्हैस बघायलोय. तो हसला, पण त्यानंच मग आतून बुटक्या उंचीचे जोड काढले. साधारण दहा-अकरा इंच उंची आपल्याला पुरते. पोटरीच्या मध्यावर येतात, गोठ्यातलं शेण-मूत आत येत नाही आणि बसताना कड टोचत नाही. घोट्यापर्यंतचे आखूड बूट मिळतात ते अंगणात ठीक, गोठ्यात नकोत. एकदा वरून मुताचं पाणी आत गेलं की दिवसभर त्यातच पाय.

बसल्यावर दुसरी गोष्ट दिसते ती चवड्यावरची घडी. आपण बसतो तेव्हा टाच उचलली जाते आणि बूट बोटांच्या मागं दुमडतो. ती घडी पायाच्या हाडावर कडक टोचली तर तो जोड ठेवून द्या. बूट पहिला फाटतो तोही तिथंच.

बुटकी उंची मिळाली नाही तर उंच बूट कापून घेता येतो, हे फार जणांना माहीत नसतं. अख्खे साच्यातून ओतलेले पीव्हीसीचे बूट असतील तर मोच्याकडं जा. कोपऱ्यावरच्या आमच्या मोच्यानं रापीनं दोन मिनिटांत सगळीकडून तीन बोटं उडवली. तो आधी बुटाच्या कडेनं खडूची रेघ मारतो, मागं अर्धा बोट खाली उतरवतो, म्हणजे खोबणीकडं आणखी मोकळं होतं. आत कापडी अस्तर असेल तर कापलेल्या कडेला त्याचे धागे सुटतात, तिथं सोल्युशनचा हात फिरवायला सांगा. तयार कड जाड असते आणि कापलेली धारदार, म्हणून त्यावर मोजा दुमडून घाला.

मापाचं. बायकांचे नंबर मिळत नाहीत हे खरं आहे. बहुतेक ठिकाणी पाचपासून पुढं सुरू होतं आणि गमबुटात अर्धा नंबर नसतोच. घरी संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा, एक थोडा मोठा निघतोच. मोठ्या पायात सेंटिमीटरभर मिळवा आणि ते माप घेऊन जा. नंबर सांगू नका, सेंटिमीटर सांगा, कारण एका कंपनीचा पाच दुसरीच्या चारएवढा निघतो. अर्धा नंबर मोठा झाला तर आत जाड सुकतळा घाला, टाच वर येते आणि बूट घट्ट बसतो. पुढं कापूस किंवा चिंध्या कोंबू नका, ओल्या होऊन त्यांचा गोळा होतो. चालताना टाच आत जराशी उचलली जाणं गमबुटात चालतं, पण एका पायावर उभं राहून दुसरा पाय झटकला आणि बूट उडाला, तर तो बूट उकिरड्यात राहणार, माझं ऐका.

पोटरी भरलेली असेल तर तिथंही बघा. पुरुषी बुटात पावलाला ढिला आणि पोटरीला घट्ट असं उलटं होतं. चार बोटं आत सहज गेली पाहिजेत. ओल्या पायातून बूट ओढून काढताना हे आठवेल.

पीव्हीसी की रबर? रबर मऊ, पाय वळतो तसं वळतं, पण जड आणि महाग. उन्हात टाकलं की वर्षा-दोन वर्षांत भेगा. रबराला एक फायदा, भोक पडलं तर सायकलच्या दुकानात पंक्चरचं ठिगळ बसतं. पीव्हीसीला ते सोल्युशन धरत नाही, पण ते बूट एकसंध ओतलेले असल्यामुळं तळवा आणि वरच्या भागाचा जोड उकलायची भीती नसते. मी पीव्हीसी वापरते, मागच्या मृगात साडेपाचशेला आणले. बुटावर आयएसआयचा शिक्का असेल तर पीव्हीसीला आयएस १२२५४ आणि रबराला आयएस ५५५७ असतं. हे कारखान्यासाठीचं मानक, त्यामुळं असे बूट जरा कडकच असतात. लोखंडी टोपीचे मात्र नकोतच. म्हशीचा पाय पडायची भीती वाटते ते मान्य, पण दिवसभर ते वजन ओढायचं आपल्याला, म्हैस काय रोज पाय देत नाही.

अस्तराचे दाखवतील, हाताला मऊ लागतील, भुलू नका. तरण्या पावसात आमच्याकडं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, ओलं झालेलं अस्तर वाळणार कधी? वास येतो तो वेगळाच. बिनअस्तराचे घ्या आणि मोजे बदला. मोजे सुती नकोत, सुती ओले झाले की ओलेच राहतात. मी पोरांचे फुटबॉलचे जुने स्टॉकिंग्ज वापरते. बेळगावात फुटबॉल खेळणारी पोरं घरोघरी, स्टॉकिंग्जला तोटा नाही. गुडघ्यापर्यंत येतात, बुटाच्या कडेवर दुमडता येतात, चुलीवरच्या दोरीवर रात्रीत वाळतात. बूट मात्र चुलीजवळ ठेवू नका, पीव्हीसी वाकडं होतं. धुऊन, आत जुना पेपर कोंबून ठेवा आणि तासाभरानं पेपर बदला.

आणल्या दिवशीच पाण्याची परीक्षा घ्या. बुटात कोरडा पेपर घालून घोट्याच्या वरपर्यंत बादलीत दाबून धरा, चार-सहा वेळा चवडा दुमडा, पेपर काढून बघा. डाग दिसला तर पावती हातात असतानाच परत.

आता एक गोष्ट कुठलाही दुकानदार सांगणार नाही. नट्टीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बूट घालू नका. रोप लावताना चिखल पोटरीपर्यंत असतो, तो बूट ओढून घेतो, वरून पाणी आत भरतं, आणि मागं सरकत रोपं लावताना पडायला होतं. तिथं अनवाणीच. बांधावर बूट काढून ठेवा आणि घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या पुसून कोरड्या करा. पायाला चीर, फोड असेल तर मात्र त्या दिवशी चिखलात उतरू नका. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमेतून शिरतो. माझ्या माहेरचं शिवार बळ्ळारी नाल्याच्या काठचं. नाला फुगला की शहराचं सांडपाणी भातात, आणि माती काळी, चिकट. तिथं बांधावरून फिरायलासुद्धा बूट लागतात, आणि दर वीस पावलांनी तळव्याला चिकटलेलं ढेकूळ काठीनं काढावं लागतं. तुमच्याकडं खानापूर भागात माती तांबडी, ती इतकी धरत नाही, पण चिऱ्यावरच्या शेवाळावर घसरायला होतं. तळव्याला खोल, लांब-लांब खाचा बघा, बारीक नक्षी चिखलानं लगेच भरते. तरी ओल्या शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही. आम्ही वाटेवर राख टाकतो.

कणकुंबी, आमगावच्या बाजूला रानात गेलात तर जळवा बुटावरून वर चढतात, अडत नाहीत. स्टॉकिंगच्या दुमडीला तंबाखूचं पाणी लावतात आमच्याकडच्या बायका. निपाणीची तंबाखू इथंतरी कामाला येते! सापाचं विचाराल तर घोट्याजवळ बूट आडवा येतो हे खरं, पण जळण काढताना हात उघडेच असतात. बॅटरी घेऊनच गोठ्यात जा.

राहिला रंग. काळ्यावर शेण दिसत नाही म्हणून लोक काळे घेतात. मी बाहेरून गडद हिरवे आणि आतून पांढरट असलेले घेतलेत, कारण काळ्या बुटाच्या तळाशी काय बसलंय ते दिसत नाही. मागच्या आर्द्रात सकाळी बेडूक निघाला, त्याच्या आदल्या वर्षी विंचू. रात्री बूट खुंट्यांवर उलटे अडकवा, आणि अडकवले असले तरी सकाळी पायात घालायच्या आधी दोन वेळा उंबऱ्यावर आपटा.