किडनी काढल्याला १४ वर्षे झाली, मग गळ्यात गाठ कशी?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ वर्षे आहे. कर्करोगामुळे १४ वर्षांपूर्वी त्यांची डावी किडनी काढली. पाच वर्षे नियमित तपासण्या झाल्या, सर्व ठीक निघाले आणि पुढे आम्ही जाणे थांबवले. आता गळ्यावर गाठ आली आहे. थायरॉइडची असेल म्हणून सुईने तपासणी केली, तर अहवालात किडनीच्या कर्करोगाची शक्यता वर्तवली आहे. जी किडनी शरीरातच नाही, तिचा कर्करोग गळ्यात कसा पोहोचेल? अहवाल चुकला असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अहवालाची खातरजमा अवश्य करावी, परंतु त्यात म्हटलेले अशक्य मुळीच नाही. किडनी काढण्याआधीच तिच्यातील काही पेशी रक्तात उतरलेल्या असू शकतात आणि कोणत्याही तपासणीत सापडणार नाहीत इतक्या अल्प संख्येने त्या वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांनीही त्या डोके वर काढतात. ‘पाच वर्षे पार पडली, आता सुटलो’ हा हिशेब या कर्करोगाला पुरता लागू पडत नाही, आणि ही गोष्ट रुग्णांना पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही असे माझे मत आहे.

किडनीतून निघालेले रक्त महानीलेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत आणि तेथून फुप्फुसांत जाते. त्यामुळे हा कर्करोग बहुधा फुप्फुसांत पसरतो. हाडे, लसीकाग्रंथी, यकृत आणि मेंदू ही इतर नेहमीची ठिकाणे. मात्र थायरॉइड, स्वादुपिंड, नाकाच्या पोकळ्या, जीभ, डोक्याची त्वचा अशा अनपेक्षित जागीही तो आढळतो. पाठीच्या कण्याभोवतीच्या नीलांच्या जाळ्यात झडपा नसतात, हे बॅटसन या शरीररचनातज्ज्ञांनी १९४० मध्ये दाखवले होते. फुप्फुसांना वळसा घालून पेशी डोक्या-मानेकडे जातात त्या याच वाटेने, असे मानले जाते.

या कर्करोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात व्हीएचएल नावाचे जनुक निकामी झालेले असते, त्यामुळे प्राणवायू पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्याप्रमाणे वागतात आणि नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेतात. (पेशींना प्राणवायूची चाहूल कशी लागते, या संशोधनाला २०१९ चे नोबेल मिळाले.) अशी गाठ रक्ताने भरलेली असते, म्हणून ती कापण्यापूर्वी शल्यविशारदाला जुन्या आजाराची कल्पना हवीच.

आता खातरजमेविषयी. जुन्या रुग्णालयातून किडनीच्या गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड मागवून घ्या व नव्या नमुन्याशेजारी ठेवून एकाच विकृतिशास्त्रज्ञाकडून तपासून घ्या. पॅक्स-८ ही चाचणी थायरॉइड आणि किडनी या दोन्हींच्या पेशींत होकारार्थी येते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबता येत नाही. थायरोग्लोब्युलिन हे थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन; त्याची चाचणी नकारार्थी येणे निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते, कारण मग गाठ थायरॉइडची नसण्याची शक्यता वाढते. त्यानंतर छाती व पोटाचा सीटी स्कॅन करावा. पेट स्कॅनमध्ये या कर्करोगाच्या काही गाठी उजळत नाहीत. वडिलांना एकच किडनी असल्याने स्कॅनचे औषध टोचण्याआधी क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्तचाचणी) पाहून घ्यावे.

अन्यत्र काही नसेल, तर थायरॉइडचा तेवढा भाग किंवा संपूर्ण ग्रंथी काढणे हा चांगला पर्याय आहे, आणि इतक्या दीर्घ काळानंतर उद्भवलेला आजार बहुधा सावकाश वाढणारा असतो. गाठी अनेक ठिकाणी असल्या, तरी रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या सुनिटिनिब, कॅबोझँटिनिबसारख्या गोळ्या आणि निवोलुमॅबसारखी प्रतिकारशक्तीवर काम करणारी इंजेक्शने आज उपलब्ध आहेत.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी आईची किडनी याच आजारामुळे काढली. हल्ली तिच्या नाकातून अधूनमधून रक्त येते. घाबरावे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : घाबरण्याचे कारण नाही, असा रक्तस्राव बहुधा कोरडेपणामुळे होतो, आणि आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्यास तीही कारण असू शकते. परंतु तो सतत एकाच नाकपुडीतून होत असेल किंवा ती बाजू चोंदलेली राहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्या. किडनीची हकीकत विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा, म्हणजे आत गाठ दिसलीच, तर तिचा तुकडा साध्या बाह्यरुग्ण कक्षात न घेता, आधी स्कॅन करून आणि रक्तस्राव थांबवण्याची तयारी ठेवून घेतला जाईल.