पणजोबांच्या पेटीत १९१४-१९१८ लिहिलेलं चांदीचं पदक सापडलं. शौर्यपदक आहे का? जळगावच्या सराफाकडे देऊ का?

सराफाकडे देऊ नका. तो वजनावर घेईल आणि आटवेल. अशी हजारो पदकं चांदीच्या भावात गेली, याचं फार वाईट वाटतं.

एका बाजूला राजाचं डोकं आणि मागे उघडा घोडेस्वार, म्हणजे हे ‘ब्रिटिश वॉर मेडल’. शौर्याचं नाही, पहिल्या महायुद्धातल्या सेवेचं. लाखोंना मिळालं, पण तुमच्या पणजोबांचं हे एकच.

आता पदकाची कड भिंगातून बघा. तिथे इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नाव कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, आडनाव बहुधा नसतंच, त्यामुळे स्पेलिंग बघून ‘हे आपले नव्हेत’ असं ठरवू नका. पलटण ११०वी किंवा ११७वी मराठा निघाली, तर ते मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) असण्याची शक्यता मोठी. या पलटणी तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या: ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. दाणागोटा संपला, घोडे कापून खायची वेळ आली, आणि शेवटी वाचलेले तुर्कांच्या कैदेत गेले. पारोळा-अमळनेरकडच्या शेतकऱ्याच्या पोराने काय काय सोसलं असेल!

घरात कुणाकडे हेच पदक ब्राँझचं असेल तर तेही जपा, ते मजूर आणि हमाल तुकड्यांना मिळत असे.

राखेने किंवा चिंचेने घासू नका, अक्षरं झिजतात. कडेवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून, पलटण मराठा असेल तर, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला पत्र लिहा.