‘ब्लॅक लोकस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांमधल्या जंगलावरचा एक लेख मराठीत आणताना एक अनुवादक ‘ब्लॅक लोकस्ट’ या झाडापाशी अडल्या. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा : “शब्दशः ‘काळा टोळ’ होतं, ते पटत नाही. शास्त्रीय नाव ‘रॉबिनिया स्यूडोअकेशिया’ आहे, म्हणून ‘खोटी बाभूळ’ लिहू का? आणि काश्मीरहून आणलेल्या मधाच्या बाटलीवर ‘अकेशिया हनी’ लिहिलंय, तो याच झाडाचा असं कळलं. मग त्याला बाभळीचा मध म्हणायचं का?”

‘काळा टोळ’ तर नकोच. मराठीत टोळ म्हटलं की टोळधाड डोळ्यांपुढे येते, फार तर टोळभैरव. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात टोळ उतरले होते, ते अजून लोकांच्या लक्षात आहे. ‘उतारावर काळे टोळ दाट वाढले होते’ असं वाक्य विदर्भातल्या वाचकाने वाचलं, तर त्याला झाड दिसणारच नाही.

इंग्रजीत हा टोळ झाडावर चढला तो बायबलमधून. बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात टोळ आणि रानमध खाऊन राहत असे, असं शुभवर्तमानात आहे. ते खरोखर टोळ होते, की भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब या झाडाच्या गोडसर शेंगा होत्या, यावर पूर्वी बराच खल झाला, आणि कॅरोबच्या शेंगेलाही इंग्रजीत ‘लोकस्ट’ म्हणू लागले. जर्मन भाषेत तर कॅरोबला आजही ‘योहानच्या भाकरीचं झाड’ म्हणतात. आइस्क्रीमच्या डब्यावर स्टॅबिलायझर म्हणून ४१० हा आकडा दिसतो, तो याच कॅरोबच्या बियांचा डिंक, ‘लोकस्ट बीन गम’. हिरे तोलायचा ‘कॅरट’ हा शब्दही कॅरोबच्या बीच्या ग्रीक नावावरून आला. आपल्याकडे सोनं गुंजेने तोलत, तिथे कॅरोबच्या बीने; दोन्ही शेंगेतलेच दाणे, हे मला फार आवडतं.

पुढे अमेरिकेत गेलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी चपट्या तपकिरी शेंगांचं एक अनोळखी झाड पाहिलं आणि कॅरोबच्या आठवणीने त्याला ‘लोकस्ट’ म्हटलं. म्हणजे किड्याचं नाव शेंगेला आणि शेंगेचं नाव दुसऱ्याच झाडाला. हा सगळा प्रवास मराठीत झालेलाच नाही, मग त्याचं शेवटचं टोक तेवढं उचलून आणण्यात काय अर्थ?

‘खोटी बाभूळ’ हा पर्याय मात्र विचार करण्याजोगा आहे, कारण त्यामागे खरं साम्य आहे. हे झाड युरोपात आलं ते फ्रान्सच्या राजांचा बागाईतदार झाँ रोबँ याच्या काळात. पॅरिसमध्ये नोत्र दामच्या समोर, नदीपलीकडच्या छोट्या बागेत एक जख्ख झालेलं झाड सिमेंटच्या टेकूवर उभं आहे. ते रोबँने १६०१ मध्ये लावलं असं मानतात. पानाच्या देठाशी काट्यांची जोडी पाहून तिथल्या लोकांना ग्रंथांतून ठाऊक असलेला इजिप्तचा ‘अकेशिया’ आठवला. बाभळीचेही काटे असेच जोडीने येतात, तेव्हा चूक समजण्यासारखी आहे. १७५३ मध्ये स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने रोबँच्या आडनावावरून ‘रॉबिनिया’ हे प्रजातीचं नाव पक्कं केलं आणि ‘हा अकेशिया नव्हे’ हे सांगायला पुढे ‘स्यूडोअकेशिया’ जोडलं.

आणि तो इजिप्तचा मूळचा ‘अकेशिया’ म्हणजे कोण? आपली बाभूळच. ग्रीक ‘अकाकिया’ हा शब्द नाईलकाठच्या या काटेरी झाडासाठीच वापरला जाई; तिच्या शास्त्रीय नावातला ‘निलोटिका’ हा शब्दही नाईलवरूनच आलेला. पण २००५ च्या व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवायचं ठरलं, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं, आणि बाभूळ आता ‘व्हॅशेलिया निलोटिका’ झाली. जिच्यावरून नाव पडलं तिच्याकडेच ते उरलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठीत मात्र ती बाभूळ होती आणि बाभूळच आहे.

युरोपातल्या सामान्य माणसांनी लिनियसचं ‘स्यूडो’ कधी मनावर घेतलं नाही. फ्रेंच माणूस बोलताना रॉबिनियाला सरळ ‘अकासिया’ म्हणतो, हंगेरियन माणूस ‘अकाच’. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाचे खरे अकेशिया लावले गेले, तोवर हे नाव रॉबिनियाने घेतलेलं होतं. मग त्या पिवळ्या गोंडेवाल्या झाडांना ‘मिमोसा’ म्हणू लागले, जे खरं तर लाजाळूच्या प्रजातीचं नाव.

आता काश्मीर. तिथे रॉबिनियाची लागवड पुष्कळ झाली आहे आणि तिथले लोक त्याला ‘कीकर’ म्हणतात. पंजाबी-हिंदीत कीकर म्हणजे बाभूळ. म्हणजे फ्रान्समध्ये जे घडलं तेच खोऱ्यातही घडलं. चीनमध्ये वेगळं घडलं. तिथे याच्याशी मिळतंजुळतं ‘ह्वाय’ नावाचं झाड गावोगाव होतं, म्हणून या पाहुण्याला ‘यांग-ह्वाय’ म्हणजे विलायती ह्वाय म्हटलं. ‘काटेरी ह्वाय’ असंही म्हणतात.

या उदाहरणांवरून मला जे दिसतं ते असं : ज्या मुलखात नावाचा मूळ मालक राहत नाही, तिथे ते नाव पाहुण्याला आहे तसं देता येतं. फ्रान्स-हंगेरीत बाभूळ नव्हती, काश्मीरच्या थंड खोऱ्यात नाही, म्हणून तिथे ‘अकासिया’, ‘अकाच’, ‘कीकर’ ही नावं मोकळी होती. चीनमध्ये ह्वाय दारात उभा होता, म्हणून ‘यांग’ लावावं लागलं. आपल्याकडे तर बाभूळ बांधाबांधावर आहे. नांगर तिचा, बैलगाडीच्या चाकाचे आरे तिचे, शेळ्यांना शेंगा तिच्या. तिचं नाव मोकळं नाही. म्हणूनच बाभळीसारखं दिसणारं नवं झाड आलं की मराठी माणसाने पुढे काहीतरी जोडलं : वेडी बाभूळ, विलायती बाभूळ, देवबाभूळ, सुबाभूळ. या विशेषणांत झाडाचा स्वभाव आहे. वेडी म्हणजे कशीही, कुठेही पसरणारी. ‘खोटी’ हे विशेषण मात्र वनस्पतिशास्त्रज्ञाचं आहे. ते झाडाबद्दल काही सांगत नाही, आधीच्या माणसांच्या चुकीबद्दल सांगतं. ‘विलायती बाभूळ’ म्हणावं तर ते नाव आधीच दुसऱ्या झाडाला दिलेलं आहे.

मग रॉबिनियाचा स्वभाव काय? अनुवादक बाईंच्या लेखाला याचा उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो. अ‍ॅपलाचियन आणि ओझार्क डोंगर ही त्याची मूळ भूमी. तिथे जंगल तोडलं, जळलं, शेत पडीक राहिलं, की मोकळ्या उन्हात जी झाडं आधी उभी राहतात त्यांत हे एक. बीपेक्षा याचा भरवसा मुळांवर जास्त. जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या मुळांतून फुटवे वर येतात आणि एका झाडाची राई होते. मुळांवर गाठी असतात आणि त्यांत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे आपल्या हरभरा-तुरीच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पालापाचोळा कुजून जमीन सुधारते. मग त्याच सुधारलेल्या जमिनीत ट्यूलिप पॉप्लरसारखी उंच झाडं वाढतात आणि रॉबिनिया सावलीत सापडतं. सावली त्याला सोसत नाही.

त्यात खोडकिड्याची भर. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा उन्हाळा सरताना गोल्डनरॉडच्या पिवळ्या फुलांवर पराग खाताना दिसतो आणि सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळ्या लाकूड पोखरतात. आंब्याला भिरूड लागते तसंच. पोखरलेली खोडं वाऱ्याने मोडतात, राई विरळ होते आणि पुढच्या जंगलाला वाट मिळते. जिवंतपणी किड्याला बळी पडणारं हे लाकूड तोडल्यावर मात्र कुजता कुजत नाही, कारण त्याच्या गाभ्यात बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात. कुंपणाचे खांब कित्येक दशकं जमिनीत टिकतात. जहाजाच्या फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्याही याच्याच करत.

हाच स्वभाव परमुलखात अडचणीचा होतो. मध्य युरोपातल्या कोरड्या, निकस माळरानांवर जी नाजूक फुलझाडं टिकून आहेत, ती जमीन निकस आहे म्हणूनच टिकून आहेत. रॉबिनिया आलं की नत्र वाढतो, खाजकुइरीसारख्या आग आणणाऱ्या नेटलचं रान माजतं आणि मूळची फुलं जातात. तोडावं तर मुळांतून दुप्पट फुटवे. उलट हंगेरीत वाळूची जमीन धरून ठेवायला हेच झाड उपयोगी पडलं. आज तिथल्या जंगलाचा जवळजवळ चौथा हिस्सा रॉबिनियाचा आहे, आणि २०१४ मध्ये ‘अकाच’ आणि त्याचा मध हंगेरीच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेले. तेव्हा अनुवादात ‘उपद्रवी’ की ‘उपकारक’ हे विशेषण लावताना झाड कुठे उभं आहे ते आधी पाहावं. अनुवादक बाईंच्या लेखात ते स्वतःच्या घरी आहे.

आपल्याकडे त्याचं एक सख्खं नात्याचं झाड आहे आणि ते बाभूळ नाही. बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात तो गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फिक्या गुलाबी फुलांचे घोस येतात. तोच घोस पांढरा करून खाली लोंबता ठेवला की रॉबिनियाचं फूल झालं. जाकँ या शास्त्रज्ञाने १७६० मध्ये ग्लिरिसिडियाला आधी ‘रॉबिनिया सेपियम’, म्हणजे कुंपणाचा रॉबिनिया, असंच नाव दिलं होतं. गिरिपुष्पाला ‘उंदीरमारी’ असंही म्हणतात, आणि ‘ग्लिरिसिडिया’ या लॅटिन नावाचा अर्थही उंदीर मारणारा असाच आहे. रॉबिनियाची सालही विषारी. घोड्यांना ती बाधते. मराठी वाचकाला झाड दाखवायचं असेल तर ‘गिरिपुष्पासारखी, पण पांढरी आणि सुवासिक फुलं’ एवढं पुरे. बाभळीचा पिवळा गोंडा आठवला तर चित्र पार चुकेल.

मधाबद्दल : बाटलीवरचा ‘अकेशिया’ म्हणजे बोलीतला ‘अकासिया’, तेव्हा तो रॉबिनियाचाच मध. रंगाने फिका, आणि त्यात फ्रुक्टोजचं प्रमाण ग्लुकोजच्या मानाने जास्त असल्यामुळे महिनोन्‌महिने थिजत नाही. त्याला ‘बाभळीचा मध’ म्हणणं चूक आहे. नुसतं ‘अकेशियाचा मध’ लिहिलं तरी कोकण-गोव्यातल्या वाचकाचा गोंधळ होईल, कारण तिथे अकेशिया म्हणजे वनीकरणात लावलेली, कोयत्यासारख्या वाकड्या पानांची ऑस्ट्रेलियन बाभूळ. सरळ ‘रॉबिनियाचा मध’ लिहावं.

तेव्हा माझं मत ‘रॉबिनिया’ला. परकं वाटेल ही भीती नको. महाबळेश्वर-पाचगणीकडे ‘सिल्व्हर ओक’ लोक तसंच म्हणतात, कुणी त्याचं ‘चंदेरी ओक’ केलं नाही, आणि तो तर ओकही नाही. पहिल्या उल्लेखाला असं काहीतरी लिहिता येईल : ‘उतारावर रॉबिनियाची राई होती. इंग्रजीत याला ब्लॅक लोकस्ट म्हणतात. गिरिपुष्पाच्या नात्यातलं हे काटेरी झाड, मेमध्ये पांढऱ्या घोसांनी लगडतं.’ त्यानंतर लेखभर नुसतं रॉबिनिया.